पास झालेला विषय वाया जात नाही

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. उसाच्या नोंदीसाठी आम्ही तुमच्या बांधावर येतो, तेव्हा फुटवे मोजून झाले की बोलणे घरातल्या पोरांवर येते. मे-जून महिन्यांत तर हटकून येते, कारण तेव्हा दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. कुठल्या तरी वस्तीवर चहाचा कप हातात घेतला, की ऐकू येते, "साहेब, पोरगी दोन विषयांत उडाली. आता काय, बसवली घरी."

आम्ही विचारतो, "तात्या, दोन विषय गेले. मग बाकीचे?"

"ते निघाले की."

"मग निघालेले विषय गेले कुठं?"

यावर तात्या गप्प बसतात. कारण आपल्याकडे पक्का समज आहे की नापास म्हणजे सगळाच नापास. एक विषय गेला काय आणि सहा गेले काय, घरात सुतक सारखेच. मुलगा असला तर ट्रॅक्टरवर बसतो, मुलगी असली तर पाहुणे बघायला येऊ लागतात. दहा वर्षे शाळेत घातलेले कष्ट एका कागदाच्या कपट्यावर संपतात.

आता आमच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. तुमचा ऊस चार खेपांत कारखान्यावर आला. तीन खेपांचे वजन झाले, काटापावत्या तुमच्या खिशात पडल्या. चौथी ट्रॉली ओढ्याच्या चढाला कलंडली. म्हणून कारखाना पहिल्या तीन खेपांचे बिल नाकारतो काय? नाकारले तर तुम्ही आम्हाला शेतकी ऑफिसात बसू द्याल काय? शिक्षणातही अशीच काटापावती असते. जो विषय पास झाला त्याचे वजन झाले, ते खात्यावर जमा झाले. इंग्रजीत याला क्रेडिट म्हणतात. मराठीत हल्ली श्रेयांक असा शब्द रूढ होत आहे. आम्हाला विचाराल तर 'जमा' हा आपला जुना शब्दच बरा आहे. पण सरकारी कागदावर श्रेयांक असतो, म्हणून तो ओळखीचा असावा.

ही पद्धत अमेरिकेत रुजली. तिथे १९०६ साली कार्नेगी यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने शाळेतल्या विषयाचे माप ठरले. एक विषय वर्षभरात साधारण १२० तास शिकला, की एक युनिट. इतकी युनिटे भरली की शाळा पुरी. त्यामुळे तिकडे मूल एखाद्या विषयात मागे पडले तर सगळे वर्ष बुडत नाही. तेवढाच विषय ते उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा घेते आणि भरून काढते. पुढे संगणक आले. फ्लोरिडा राज्याने १९९७ मध्ये संगणकावरून चालणारी सरकारी शाळा काढली. ज्यांना उन्हाळ्यात शाळेत जाता येत नाही, ती मुले घरी बसून विषय पुरा करू लागली. आपल्या भागातली काही कुटुंबे तिकडे स्थायिक आहेत, त्यांची नातवंडे सुट्टीत असे विषय करतात हे सभासदांच्या कानावर असेलच. "आमच्या नातवानं उन्हाळ्यात घरी बसून एक विषय काढला," असे एका सभासद आजोबांनी आम्हाला कौतुकाने सांगितले. त्याच आजोबांची पुतणी इथे दोन विषयांपायी चार वर्षे घरी बसली होती. म्हणून म्हटले, लिहावे.

जवळचा रस्ता आधी

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मूल याच वर्षी दहावीला एक-दोन विषयांत नापास झाले असेल, तर लांब कुठे जायचे कारण नाही. आमच्या वेळी नापास झालेला 'ऑक्टोबरला' बसायचा आणि तोवर अकरावीचे प्रवेश संपलेले असायचे. म्हणजे वर्ष गेलेच. २०१५ पासून राज्य मंडळाने दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेचच, पावसाळ्याच्या तोंडाशी घ्यायला सुरुवात केली. फक्त राहिलेल्या विषयांना बसायचे. शिवाय दोन विषयांपर्यंत राहिले असतील, तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. हा फॉर्म शाळेतूनच भरला जातो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना गाठा. पोराला चार शिव्या घालायच्या असतील तर त्या फॉर्म भरून झाल्यावर घाला, आमची हरकत नाही.

शाळा मध्येच सुटली, पण राज्य मंडळाचीच परीक्षा द्यायची आहे, अशांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. जुन्या लोकांना तो ठाऊक आहे. त्याची नोंदणीही आता ऑनलाइन होते. मात्र त्यात अभ्यासक्रम आणि विषय शाळेतल्या मुलांसारखेच असतात. गणिताला घाबरून ज्याने शाळा सोडली, त्याच्यासमोर तेच गणित पुन्हा येते.

तिसरा रस्ता मुक्त शाळेचा आहे. आम्हाला मुख्यतः त्याविषयीच सांगायचे आहे, कारण आपल्या कार्यक्षेत्रात त्याची माहिती फारच थोड्यांना आहे.

मुक्त शाळा म्हणजे काय

१९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक मंडळाने दिल्लीत प्रयोग म्हणून मुक्त शाळा सुरू केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८९ मध्ये तिचे स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले. २००२ पासून तिचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एन.आय.ओ.एस. म्हणतात. मुख्य कचेरी नोएडाला, आणि आपल्याला जवळचे प्रादेशिक केंद्र पुण्याला. ही भारत सरकारच्या शिक्षण खात्याखालची संस्था आहे, कोणाची खाजगी क्लासची शाखा नव्हे, हे लक्षात ठेवावे. आपल्या राज्यानेही २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केले. त्यात पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा पातळ्या आहेत. चौथीत शाळा सुटलेल्या माणसालाही त्यामुळे कुठून तरी पाऊल ठेवायला जागा झाली.

राष्ट्रीय संस्थेची रीत अशी. दहावीसाठी वय किमान १४ पूर्ण आणि बारावीसाठी १५ पूर्ण हवे. वरची मर्यादा नाही, त्यामुळे पन्नाशीतल्या सभासदालाही दार बंद नाही. दाखला मिळण्यासाठी पाच विषय पास व्हावे लागतात, त्यात किमान एक भाषा हवी. उरलेले विषय यादीतून आपण निवडायचे. गणित-विज्ञान घ्यायलाच हवे असे नाही. अर्थशास्त्र, गृहविज्ञान, व्यवसाय अध्ययन, चित्रकला, संगणकावरची डेटा एंट्री असे विषय यादीत आहेत. दहावीला मराठी माध्यमाचीही सोय आहे. पण प्रत्येक विषयाचे पुस्तक कोणत्या भाषेत मिळेल, हे नाव नोंदवण्याआधी अभ्यासकेंद्रात विचारून घ्यावे. मागाहून इंग्रजी पुस्तक हातात पडले म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षे चालते. या पाच वर्षांत सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाचही विषय एकाच वेळी द्यायचे बंधन नाही. या वेळी दोन द्या, पुढच्या वेळी एक द्या. जो पास झाला तो जमा, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. पास व्हायला ३३ टक्के लागतात.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, राज्य मंडळाच्या परीक्षेत एकूण नापास झालेल्या विद्यार्थ्याचे पास झालेले विषय इथे आणता येतात. जास्तीत जास्त दोन. त्याला क्रेडिटचे हस्तांतरण म्हणतात. म्हणजे पाचपैकी दोन विषय घरूनच घेऊन आलो, राहिले तीन. त्या तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. निघालेले विषय कुठेही गेलेले नाहीत, ते गुणपत्रिकेवर आहेत आणि गुणपत्रिका ट्रंकेत आहे. फक्त जुना निकाल किती वर्षांपर्यंत चालतो याला मुदत असते. ट्रंक लवकर उघडलेली बरी.

उन्हाळा कशाला?

कोणी म्हणेल, हे सगळे वर्षभर चालते, मग उन्हाळ्यावर जोर कशाला? तर आपले वर्ष शाळेच्या घंटेवर चालत नाही, उसावर चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण, गव्हाण पूजन आणि तोडीची गडबड. डिसेंबर ते फेब्रुवारी सुरूच्या लागणी, तोड आली तर घरची सगळी माणसे फडात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचे पट्टे पडतात तेव्हा घराला जरा श्वास मिळतो. पुढे जुलै-ऑगस्टला आडसाली आलीच. एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत जे दोन महिने मिळतात, त्यात रात्रीचे पाणी पाजणे सोडले तर शिकणाऱ्या मुलाला सलग वेळ काढता येतो.

मुक्त शाळेची नोंदणीही साधारण याच दिवसांत खुली असते. उन्हाळ्यात नाव नोंदवले की पुढच्या एप्रिल-मेच्या परीक्षेला बसता येते. शिवाय ज्यांनी मान्यताप्राप्त मंडळाची परीक्षा दिली पण निकालात मार खाल्ला, अशांना निकालानंतर नोंदणी करून त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेला बसण्याची वेगळी सोय आहे. आणखी एक 'मागणीनुसार परीक्षा' म्हणून प्रकार आहे. त्यात तयारी झाली की आपणच दिवस निवडायचा, ठरलेल्या केंद्रावर जायचे. प्रत्येकाची प्रश्नपत्रिका संगणक वेगळी काढतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून काही हाती लागत नाही. तारखा आणि फी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या इथे छापत नाही. मुलींना फीत सवलत असते, एवढे मात्र सांगून ठेवतो.

लागणीची नोंद वेळेत दिली नाही तर तोडणी कार्यक्रमात नाव मागे पडते, हे आम्ही दरवर्षी ओरडून सांगतो. इथेही तेच. तारीख हुकली की पुढची परीक्षा हुकली.

आता 'ऑनलाइन' या शब्दाविषयी. या शब्दाने बऱ्याच घरांत गैरसमज झाला आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पोरांच्या हाती मोबाइल आले. २०२१ मध्ये तर दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला. तेव्हापासून काही मंडळींना वाटते, ऑनलाइन म्हणजे घरबसल्या पास. तसे अजिबात नाही. मुक्त शाळेत नोंदणी ऑनलाइन होते, फी ऑनलाइन भरता येते, धडे ऑनलाइन मिळतात. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, हॉल तिकीट दाखवून, पेपरावर पेनाने लिहून द्यायची. मोबाइलवर धडे बघणे म्हणजे ऊस तोडून बांधावर मोळ्या रचणे. वजन काट्यावरच होते.

धडे मात्र फुकट आणि चांगले आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'स्वयं' नावाचे व्यासपीठ सुरू केले. त्यावर नववी ते बारावीच्या विषयांचे काम याच मुक्त शिक्षण संस्थेकडे आहे. त्यात व्हिडिओ, वाचायचे पाठ आणि स्वतःची चाचणी असते. त्याच वर्षी 'दीक्षा' सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांवर ठिपक्या-ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो, तो मोबाइलने टिपला की त्या धड्याची माहिती उघडते. ज्यांच्याकडे चांगला मोबाइल नाही त्यांनी घरच्या डिशवर 'स्वयंप्रभा'च्या वाहिन्या शोधाव्यात. सून एकाच मोबाइलवर शिकते आणि सासरा त्यावरच कुस्त्या बघतो, असे एक घर आमच्या पाहण्यात आहे. तिथे सासऱ्यांनीच वेळ वाटून दिली. संध्याकाळी सात ते नऊ मोबाइल सुनेचा. रेंज घरात येत नाही म्हणून ती विहिरीजवळच्या आंब्याखाली बसते.

स्वाध्यायाचेही विसरू नये. परीक्षेआधी प्रत्येक विषयाचे स्वाध्याय घरी लिहून द्यायचे असतात आणि त्याला २० टक्के वजन असते. 'घरचा अभ्यास' म्हणून लोक ते टाळतात आणि मग एक-दोन गुणांनी राहतात. ठिबकाची टाकी भरलेली आणि कॉक बंद, तशातली गत. अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शनाचे तास होतात, तिथे एकदा तरी जावे. निदान आपल्यासारखी आणखी माणसे आहेत हे तरी दिसते.

एका मुलीची हकिगत

आमच्या गटातल्या एका सभासदाची मुलगी दहावीत गणित, विज्ञान आणि इंग्रजीत गेली. मराठी आणि समाजशास्त्र चांगल्या गुणांनी निघाले होते. पुरवणीला बसली, पुन्हा गणित-विज्ञान राहिले. मग घर, जनावरे, धार काढणे. लग्नाचे बोलणे सुरू झाले, पण तिच्या आईने जरा ताणून धरले. तीन वर्षांनी शेजारच्या गावातल्या शिक्षिकाबाईंकडून मुक्त शाळेचे कळले. मराठी आणि समाजशास्त्र हे दोन विषय हस्तांतरित झाले. गृहविज्ञान, व्यवसाय अध्ययन आणि डेटा एंट्री असे तीन नवे घेतले. उन्हाळ्यात नाव नोंदवले, पुढच्या एप्रिल-मेला गृहविज्ञान आणि व्यवसाय अध्ययन निघाले. डेटा एंट्री मात्र राहिला, कारण घरी संगणक नाही आणि मोबाइलवर टंकलेखनाचा सराव होत नाही. वडील म्हणाले, "झालं, परत नापास." आई अडाणी, पण ती म्हणाली, "परत कशाला? पाचातला एकच राहिला न्हवं?" ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातल्या मुलाने दुपारचा रिकामा संगणक वापरू दिला. ऑक्टोबरच्या परीक्षेत तो विषयही निघाला.

तिने पुढे बारावीला नाव घातले, कारण अंगणवाडी सेविका व्हायचे तिच्या मनात होते. सेविकेला पूर्वी दहावी चालत असे. २०२३ पासून आपल्या राज्यात बारावी लागते. दोन वर्षांत तिचे काय होईल ते होईल. पण तीन वर्षे ट्रंकेत पडलेल्या दोन विषयांनी निम्मे काम केले होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तिने गणित सोडले ते तिच्यापुरते बरोबर झाले. सगळ्यांनी तसे करावे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः दहावीवर कृषी पदविकेला गेलेले. खताची मात्रा काढताना, पाण्याचा हिशेब बसवताना शाळेतले गणितच उपयोगी पडते. मुलाला आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा विज्ञान शाखा करायची असेल, तर त्या प्रवेशाला कोणते विषय लागतात ते आधी बघा आणि मग मुक्त शाळेचे विषय निवडा. सोपे म्हणून निवडायचे आणि पुढे दारात अडायचे, असे नको. विषय निवडणे हे वाण निवडण्यासारखे आहे. शेजाऱ्याने को ८६०३२ लावला म्हणून आपल्या चोपण जमिनीत तो तसाच येईल असे नाही.

जपून

जिथे गरज असते तिथे दलाल येतो. "अमुक हजार द्या, पेपर द्यायला नको, बारावीचं सर्टिफिकेट दोन महिन्यांत घरपोच," असे सांगणारे तालुक्याच्या गावात फिरतात. त्यांच्या पाटीवर 'नॅशनल', 'ओपन', 'बोर्ड' हे तिन्ही शब्द असतात, त्यामुळे साधा माणूस फसतो. एका सभासदाच्या मुलाने असे सर्टिफिकेट आणले होते. भरतीत निवडही झाली. कागदपत्रांच्या पडताळणीत ते मंडळच अस्तित्वात नसल्याचे निघाले. नोकरी गेली आणि पैसेही गेले. आमच्याकडे कोणी विचारायला आले तर आम्ही एकच प्रश्न करतो, "परीक्षेला कुठं बसायचं?" यावर सरळ उत्तर नसेल तर उठून यावे. परीक्षा घेतल्याशिवाय कोणतेही सरकारमान्य मंडळ दाखला देत नाही.

दुसरा धोका आपल्या घरातला आहे. मुक्त शाळेची सोय कळली, की काही पालक चालत्या शाळेतून मूल काढू बघतात. "नाहीतरी घरून करता येतं, मग एस.टी.चा पास कशाला?" विशेषतः मुलीच्या बाबतीत हा विचार पटकन सुचतो. आमचे स्पष्ट मत आहे की हे करू नये. शाळेत बाई आहेत, मैत्रिणी आहेत, प्रयोगशाळा आहे, रोजची शिस्त आहे. मुक्त शाळा ही तुटलेला बांध घालण्यासाठी आहे, चांगला बांध फोडण्यासाठी नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत शिकण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. त्या वयाच्या मुलाची जागा शाळेतच.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर तोडणी मजुरांची मुले आहेत. बीड, जालना, परभणीकडून टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि पट्टे पडल्यावर परततात. शाळेचे निम्मे वर्ष त्यात जाते. लहान मुलांसाठी साखरशाळा झाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे झाली, काही ठिकाणी त्यांचा चांगला उपयोगही झाला. पण चौदा-पंधरा वर्षांची पोरगी आईबरोबर कोप्यावर येते, भावंडे सांभाळते, स्वयंपाक करते, आणि तिच्या नावापुढे शाळेच्या पटावर रेघ पडते. तिच्यासाठी एप्रिल-मेची परीक्षा सोयीची आहे, कारण तोवर टोळी परत गेलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची मात्र नेमकी निघायच्या गडबडीत येते. मुकादमांना आमची विनंती आहे की उचल देताना ज्या घरात अशी मुलगी आहे, तिथे निदान एवढे कानावर घालावे. ऊस ज्या हातांनी तुटतो त्या घरातली ही पोर आहे. सभासदांनीही आपल्या फडात कोप्या पडल्या की चार शब्द विचारावेत.

एक बातमी म्हणून सांगतो. केंद्राने २०२१ मध्ये महाविद्यालयीन मुलांसाठी श्रेयांक पेढी सुरू केली. आपल्या पतपेढीसारखीच, फक्त पैशाऐवजी श्रेयांक जमा होतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शाळेचे वर्षही धरले आहे. शिकण्याचे १२०० तास म्हणजे वर्ष आणि वर्षाचे ४० श्रेयांक. दिशा चांगली आहे. परंतु ते सगळ्या शाळांत नीट बसायला काही काळ जाईल. आज ज्याचे विषय राहिले आहेत त्याने त्याची वाट बघत बसू नये.

नोंदणीला लागणारे कागद आधी गोळा करावेत. जुनी गुणपत्रिका (मूळ), शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, आधार, फोटो, सही, आणि चालू असलेला मोबाइल नंबर. नंबर सेवा केंद्रवाल्याचा देऊ नये, स्वतःचा द्यावा. नाही तर हॉल तिकिटाचा निरोप त्याच्याकडे जातो आणि तो गावजेवणाला गेलेला असतो. लग्न झालेल्या मुलींचे नाव गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधारवर सासरचे असते, तिथे हमखास अडते. अशांनी गुणपत्रिकेवरचे नाव धरून चालावे आणि लग्नाचा दाखला जवळ ठेवावा. सोमवार ते शनिवार सकाळी आम्ही शेतकी ऑफिसात असतो. ट्रंकेतली गुणपत्रिका घेऊन या, कोणते दोन विषय नेता येतील ते बसून बघू. उसाच्या नोंदीला येताना आणली तरी चालेल.